आरशाच्या जागेची रिकामी नळी

कॅमेऱ्याच्या पडद्यावर जिथे अ‍ॅपर्चरचा आकडा दिसायला हवा, तिथे माझ्या कॅमेऱ्यात गेली तीन वर्षं 'एफ' आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा दिसतात. कॅमेऱ्याचं म्हणणं असं की पुढे लेन्सच नाही. मेनूत खोलवर जाऊन 'लेन्स नसतानाही शटर उडू दे' हा पर्याय चालू केल्याशिवाय तो फोटोच काढू देत नाही. फोटो लॅपटॉपवर घेतले तरी तेच. तारीख असते, वेळ असते, शटरचा वेग असतो. लेन्सच्या नावाचा रकाना कोरा.

लेन्स मात्र आहे, आणि पाव किलोच्या आसपास भरेल एवढी आहे. पुढच्या कड्यावर 'हेलिओस-४४-२' असं कोरलंय, बाजूला २/५८, आणि ८१ ने सुरू होणारा क्रमांक. बऱ्याच सोव्हिएत लेन्सेसवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे बनवल्याचं साल, म्हणजे ही १९८१ ची. माझ्याहून वयाने बरीच मोठी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ती एका बंद पडलेल्या झेनिट कॅमेऱ्याला लावलेली मिळाली. मला फक्त लेन्स हवी होती, पण विकणारा दोन्ही एकत्रच देणार म्हणून अडून बसला. "रशियन माल आहे दादा, हातोडीनं फुटणार नाही." अठराशे सांगितले, चौदाशेला दिली. सहाशे रुपयांची अ‍ॅडाप्टरची नळी ऑनलाइन मागवली, आणि दोन हजारांत माझ्याकडे एफ/२ ची लेन्स आली.

हवी कशासाठी होती, ते आधी सांगतो. आमच्या गावच्या जत्रेत रात्री दशावतार असतो. नाटकापेक्षा मला त्याआधीचा एक-दीड तास आवडतो. देवळाच्या पडवीत नट पेटीवर बसून, हातातल्या छोट्या आरशात बघून स्वतःचं तोंड स्वतः रंगवतात. वर एखादाच बल्ब. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली झूम लेन्स पूर्ण लांबवली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. त्या उजेडात शटर एक-पंधरांश सेकंद उघडं ठेवावं लागे, आणि तेवढ्यात भुवई कोरणारा हात हलून जाई. एफ/२ म्हणजे त्याच्या आठपट उजेड. एक-पंधरांशचं सरळ एक-सव्वाशांश होतं. हात थांबतो. एवढंच गणित होतं. ऑटोफोकसवाली तशी लेन्स माझ्या बजेटच्या बाहेर होती, आणि फोनचा पोर्ट्रेट मोड नटाच्या जटांचे केस कापून पार्श्वभूमीत मिसळून टाकत होता.

तर ही स्वस्त, हाताने फोकस करायची, झूम न होणारी लेन्स स्वस्त का, आणि ती आपल्यापर्यंत आली कशी, हे शोधताना मी ज्या वाटेने गेलो ती थेट युद्धाच्या कारखान्यात जाऊन पोचली.

सुरुवात एका गणितज्ञापासून. कार्ल फ्रीडरिश गाउसने १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी दोन चंद्रकोरी भिंगांची एक जोडी सुचवली. दुर्बिणवाल्यांनी तिचा फारसा उपयोग केला नाही. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या अल्वन क्लार्कने अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. जर्मनीतल्या जेना गावच्या झाइस कंपनीत पाउल रुडॉल्फने १८९६ मध्ये ती कल्पना जाड भिंगांनी सुधारली आणि तिला 'प्लानार' नाव दिलं. एका बाजूच्या चुका दुसरी बाजू खोडून काढते, ही त्या समोरासमोरच्या मांडणीतली खुबी. आज तुम्ही कुठलीही साधी पन्नास मिलिमीटरची मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स उघडलीत, तर बहुतेक वेळा आत याच कुळाचं कोणीतरी सापडेल.

पण प्लानार तेव्हा फारशी चालली नाही, आणि कारण मजेशीर आहे. सहा भिंगं चार गटांत, म्हणजे हवा आणि काच जिथे भेटतात असे आठ पृष्ठभाग. नुसत्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण चार टक्के प्रकाश परत फेकतो. आठ वेळा चार-चार टक्के गेले की उरतो बहात्तर टक्के. गेलेला प्रकाश तरी निमूट जावा, पण तोही आतल्या आत उड्या मारून चित्रावर धुकं पसरवतो. योगायोग बघा, त्याच १८९६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेनिस टेलरच्या लक्षात आलं की जुनी, डागाळलेली भिंगं नव्या लखलखीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. काचेवर काळाने चढलेला पातळ थरच परावर्तन कमी करत होता. हा थर मुद्दाम आणि भरवशाने चढवता यायला १९३५ उजाडलं. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने निर्वात पेटीत काचेवर लेप बसवण्याची पद्धत शोधली. आपण लेन्स तिरकी धरली की जी निळी-जांभळी झाक दिसते, ती हीच. प्लानारचं डिझाइन जवळजवळ चाळीस वर्षं या एका थराची वाट बघत होतं.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉबसनमधल्या होरेस लीने १९२० मध्ये हेच डिझाइन एफ/२ पर्यंत ताणलं. बोलपट आल्यावर गुरगुरणारे आर्क दिवे स्टुडिओतून गेले, शांत पण मंद दिवे आले, आणि हॉलिवुडला ही लीच्या वाटेची मोठ्या तोंडाची भिंगं लागली. जेनात विली मेर्टेने १९२७ पासून 'बायोटार' नावाने त्याच कुळाच्या लेन्सेस काढल्या. यात कोणी कोणाची नक्कल केली, हा प्रश्न मला फारसा पटत नाही. गाउसचं क्लार्कने घेतलं, क्लार्कचं रुडॉल्फने, रुडॉल्फचं लीने. सूत्रं अशीच हातोहात फिरतात, आणि फिरावीत.

आता ५८ हा विचित्र आकडा. पन्नास का नाही? १९३६ मध्ये ड्रेसडेनच्या इहागे कंपनीने 'किने एक्झाक्टा' आणला. ३५ मिलिमीटर फिल्मचा रिफ्लेक्स कॅमेरा. त्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो चित्र वर पाठवतो, आणि फोटो काढताना टपकन वर उडतो. आरशाला उडायला जागा हवी, म्हणून लेन्सचं शेवटचं भिंग फिल्मपासून लांब ठेवावं लागतं. गाउस कुळाच्या मोठ्या तोंडाच्या पन्नास मिलिमीटर लेन्सला तेव्हा तेवढं मागे राहणं जमत नव्हतं. थोडं ताणून ५८ केलं की जमत होतं. म्हणून बायोटार ५८ मिलिमीटर, एफ/२. म्हणजे माझ्या लेन्सवरचा आकडा हा एका आरशाला चुकवण्यासाठी पडलेला आकडा आहे. हे विसरू नका, पुढे लागेल.

इथपर्यंतची गोष्ट मी मित्रांना हौसेने सांगतो. पुढची सांगताना अडखळतो.

जेनाचा झाइस कारखाना साधासुधा नव्हता. मालकीहक्क सोडून तो एका प्रतिष्ठानाकडे सोपवणाऱ्या एर्न्स्ट आबेच्या त्या कारखान्यात १९०० सालीच आठ तासांचा दिवस लागू झाला होता. जगातले कामगार पुढे कित्येक वर्षं त्यासाठी भांडत राहिले. त्याच कारखान्यात चाळीस-एक वर्षांनी, हिटलरच्या युद्धात, पूर्व युरोपातून सक्तीने आणलेले मजूर, त्यांत बायकाही, सैन्यासाठी दुर्बिणी आणि नेम धरायची यंत्रं बनवत होते. बायोटार त्याच छताखालची.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य जेनात शिरलं. पण आधीच ठरलेल्या वाटणीनुसार तो भाग सोव्हिएतांकडे जायचा होता. जुलैत ताबा द्यायच्या आत अमेरिकनांनी झाइसचे निवडक व्यवस्थापक आणि शास्त्रज्ञ ट्रकमध्ये बसवून पश्चिमेकडे नेले. ओबरकोखेनला दुसरी झाइस उभी राहिली ती त्यातून. बायोटारचा कर्ता मेर्टेही अमेरिकेत गेला. तिथल्या हवाई दलासाठी झाइसच्या लेन्सेसची सूची करण्याचं काम त्याच्याकडे होतं. १९४८ मध्ये तो ओहायोतल्या डेटनला वारला.

मग सोव्हिएत आले. युद्धाची भरपाई म्हणून यंत्रं, अवजारं, काच, आराखडे गाड्यांत भरून पूर्वेला गेले. आणि २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे माणसं. सोव्हिएत ताब्यातल्या सगळ्या जर्मन भागात एकाच वेळी घरांची दारं ठोठावली गेली. अडीच हजारांच्या आसपास तज्ज्ञ, त्यांच्या बायका-मुलांसकट, सामानसुमानासकट, आगगाड्यांत चढवले गेले. त्यांत विमानवाले होते, रॉकेटवाले होते, आणि जेनाचे भिंगवालेही. काही जण मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला पोचले. तिथला कारखाना १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, सैन्याला दुर्बिणी आणि नेमयंत्रं पुरवण्यासाठी उभा राहिला होता. बहुतेक जर्मन पुढे काही वर्षांनी परत गेले.

मी वर म्हटलं की सूत्रं हातोहात फिरावीत. ते म्हणणं मी मागे घेत नाही. पण सूत्र उचलणं आणि सूत्र जाणणाऱ्या माणसाला पहाटे त्याच्या मुलांसकट उचलणं या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत. आणि ज्यांनी उचललं त्यांच्या देशात जर्मन सैन्याने गावंच्या गावं जाळली होती, कोट्यवधी माणसं मेली होती, हेही त्याच वाक्यात बसत नाही. लेन्सवेडे लोक 'बायोटारची रशियन कॉपी' असं दोन शब्दांत म्हणून पुढे जातात. मीही जायचो.

कॉपी म्हणणंही तसं अर्धंच खरं. सोव्हिएत काच जर्मन काचेपेक्षा वेगळी, म्हणून वक्रता आणि जाडी नव्याने मोजावी लागली. सुरुवातीच्या लेन्सेसना 'बीटीके' म्हणत, म्हणजे बायोटार, क्रास्नोगोर्स्क. मूळ नाव लपवलेलं नव्हतं. पुढे नाव झालं हेलिओस, ग्रीकांचा सूर्य. इकडे पूर्व आणि पश्चिम झाइस नावावरून कोर्टात भांडत बसले, आणि जेनाच्या काही निर्यात लेन्सेसवर 'टेसार'च्या जागी नुसतं 'टी' छापायची पाळी आली. सोव्हिएतांना तो ताप नव्हता. हेलिओस-४४ १९५८ च्या 'स्टार्ट' कॅमेऱ्यावर दिसली, मग झेनिटवर. १९६५ मध्ये झेनिट-ई आला आणि मग या लेन्सचा पूरच आला. क्रास्नोगोर्स्क पुरेना म्हणून वल्दाई आणि मिन्स्कच्या कारखान्यांतही ती बनू लागली. वर्षानुवर्षं तेच डिझाइन, तीच यंत्रं, लाखोंच्या संख्येने.

स्वस्त होण्याचं पहिलं कारण हे. दुसरं, पुढे झालेलं दुर्लक्ष. १९८५ मध्ये मिनोल्टाने कॅमेऱ्याच्या पोटातच ऑटोफोकस घातला आणि दहा-पंधरा वर्षांत हाताने फोकस करणं म्हणजे मागासलेपण ठरलं. १९९१ मध्ये तो देशच उरला नाही. १९५३ च्या व्यापार करारापासून भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला व्यवहार रुपयांत चाले. त्या काळात आपल्याकडे ट्रॅक्टर, पोलाद कारखान्यांची यंत्रं, मराठीत छापलेली गुळगुळीत पानांची पुस्तकं आली, तसे झेनिटही आले. मग ते कपाटाच्या वरच्या फळीवर गेले, आणि तिथून जुन्या बाजारात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बऱ्याच लेन्सेसच्या आत बुरशीची जाळी धरली. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर कितीही स्वस्त असली तरी सोडा.

मग २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी-१ आणला, आणि त्यात आरसा नव्हता. सेन्सरवर जे पडतं तेच थेट छोट्या पडद्यावर दाखवायचं, मग आरसा हवा कशाला? २०१० मध्ये सोनी त्याच वाटेने गेली. आरसा गेला तशी त्याला लागणारी जागाही गेली. झेनिटच्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या लेन्सला बसण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते फक्त १८ आहे. उरले साडेसत्तावीस मिलिमीटर. मी सहाशे रुपयांना घेतलेली नळी म्हणजे हे साडेसत्तावीस मिलिमीटर. आत काच नाही, तार नाही, काही नाही. आरसा जिथे उडायचा तेवढी रिकामी जागा विकत मिळते. लेन्सचा ५८ हा आकडा ज्या आरशामुळे पडला, तो आता नाही, पण त्याची जागा मला रोज पिशवीत घालून फिरवावी लागते. आणि या आट्यांवर कोणा एकाचा हक्क राहिला नाही, जपानपासून मिन्स्कपर्यंत सगळ्यांनी त्या वापरल्या, म्हणून नळीही स्वस्त.

आरसा गेल्याचा दुसरा फायदा जास्त मोठा. जुन्या रिफ्लेक्समध्ये एफ/२ ला हाताने फोकस करणं हे नशिबावर असे. मिररलेसमध्ये चित्र पाच-दहापट मोठं करून पापणीचा केस बघता येतो, किंवा जे फोकसमध्ये आहे त्याच्या कडा रंगीत चमकवता येतात. त्या चमकणाऱ्या कडांवर आंधळा भरवसा ठेवू नका मात्र, एफ/२ ला त्या थोडं खोटं बोलतात. दीड मीटरवरच्या चेहऱ्यात, माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, जेमतेम पाच-साडेपाच सेंटिमीटर भाग स्पष्ट असतो. डोळा धरला तर कान जातो. अर्ध्या मीटरवर तर अर्धा सेंटिमीटरच. मी अंदाजे फोकस लावतो आणि मग कडं फिरवण्याऐवजी स्वतःच इंचभर पुढेमागे डुलत तीन-चार फोटो काढतो. बघणाऱ्याला वाटतं माझा तोल जातोय.

जिच्यासाठी लोक ही लेन्स शोधतात, ती भोवऱ्यासारखी गरगरणारी पार्श्वभूमी, ती मुळात चूक आहे. चित्राच्या कडेला तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या काठाने कापला जातो, त्यामुळे मागच्या दिव्यांचे गोल कडेला लिंबाच्या फोडीसारखे लांबट होतात, आणि ते सगळे मध्याभोवती वळलेले दिसतात. त्यात कडेची बाकीची वाकडीतिकडी भर. शंभर वर्षं ऑप्टिक्सवाले हे घालवायच्या मागे होते. पण छोट्या सेन्सरचा कॅमेरा चित्राचा मधलाच भाग घेतो. माझ्यासारख्यांना त्यामुळे भोवरा फारसा मिळतच नाही, आणि ५८ ची लेन्स ८७ सारखी वागते. सुरुवातीला मी याने चांगलाच खट्टू झालो होतो. आता वाटतं, त्या रंगणाऱ्या चेहऱ्यामागे भोवरा फिरत नाही हे बरंच आहे.

आज दोन-तीन हजारांत चांगली हेलिओस मिळणं अवघड होत चाललंय, कारण जग तिच्या मागे लागलंय. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागासाठी ग्रेग फ्रेझरने जुन्या सोव्हिएत लेन्सेस वापरल्या, सिनेमासाठी नव्या धातूच्या कवचात बसवून. ते कवच बनवणारी आयर्नग्लास ही कंपनी युक्रेनची. आणि क्रास्नोगोर्स्कचा कारखाना आजही रशियन सैन्यासाठी ऑप्टिक्स बनवतो. त्यामुळे कोणी हौसेने 'सोव्हिएत काचेचा जादुई लुक' असं म्हटलं की हल्ली मला पुढचं ऐकू येत नाही.

नवी घ्यायची तर शेनझेनच्या सेव्हनआर्टिझन्स, टीटीआर्टिझन वगैरेंच्या हाताने फोकस करायच्या एफ/१.४, एफ/१.२ च्या लेन्सेस आहेत, बऱ्याचशा शंभर डॉलरच्या आत. थेट मिररलेससाठी बनवलेल्या, म्हणून नळी लागत नाही. मित्राकडची ३५ मिलिमीटर वापरून पाहिली. एकदम ठणठणीत, बुरशीची भीती नाही, आणि छोट्या सेन्सरवर ३५ हीच जास्त कामाची. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तीच सुचवतो. कॅमेरा तिच्यासमोरही दोन रेघाच दाखवतो.

मागच्या जत्रेला मी हेलिओसच नेली. राजाचं काम करणाऱ्या नटाने गालावर लाली चढवली, मग बोटाने पांढऱ्याचा ठिपका घेतला आणि आरसा बल्बकडे कलता केला. त्या कलत्या आरशातून त्याचा डोळा थेट माझ्याकडे वळला. मी पुढेमागे डुलत होतोच. "किती फोटो काढतलस रे?" त्याने आरशातूनच विचारलं. सहा काढले होते. पाचांत आरशाची कड स्पष्ट आलीय, एकात डोळा. तारीख आहे, वेळ आहे, एक-सव्वाशांश सेकंद आहे. लेन्सच्या रकान्यात मी घरी आल्यावर हाताने टाइप केलं: हेलिओस-४४-२, ५८ मिलिमीटर, १९८१.